पाटण्याचे शेख दीन मोहम्मद आणि ब्रायटनचा हमाम

आपल्या समाजात गुडघेदुखी, कंबरदुखी, जुना संधिवात नसलेलं घर शोधून सापडायचं नाही. अम्मी नमाजसाठी खुर्ची घेऊ लागतात, अब्बा जिना चढताना कठड्याला धरतात, आणि मग घरात शेकाची सामग्री जमू लागते. गरम पाण्याची पिशवी, तव्यावर तापवलेल्या मिठाची पुरचुंडी, विटेचा शेक, निलगिरीचा वाफारा. अलीकडे त्यात आणखी एका वस्तूची भर पडली आहे. घडी करून ठेवता येणारा कापडी तंबू, त्याला जोडलेलं वाफेचं छोटं भांडं, आत खुर्ची आणि बाहेर फक्त डोकं. मोबाइलवर त्याच्या जाहिराती आपण सगळेच बघतो. मधुमेहापासून दम्यापर्यंत सगळं बरं होईल, असं त्यात बिनधास्त सांगितलेलं असतं.

हा तंबू वाटतो तितका नवा नाही. दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या समुद्रकिनारी असाच एक तंबू उभा होता, आणि त्याचा मालक होता पाटण्यात जन्मलेला, मुस्लिम घरात वाढलेला एक माणूस : शेख दीन मोहम्मद. इंग्लंडच्या दोन बादशहांच्या अंगाला त्यांच्या देखरेखीखाली वाफ आणि मालिश मिळाली. आज घराघरात असलेला शाम्पू हा शब्दही इंग्रजांच्या तोंडी रुळला त्यात त्यांचा वाटा मोठा. त्यांची कहाणी आम्ही इथे सांगतो आहोत ती अभिमानासाठी तर आहेच. पण दुखणं हलकं होणं आणि आजार बरा होणं यांतला फरक समजून घ्यायलाही तिचा उपयोग आहे.

पाटण्याचं बालपण

दीन मोहम्मद यांचा जन्म 1759 चा. प्लासीची लढाई होऊन दोनच वर्षं झाली होती. बंगाल आणि बिहारमध्ये नवाबांची सत्ता ढासळत होती आणि ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल बसत होता. त्यांचे वालिद कंपनीच्या बंगाल फौजेत होते. आपलं घराणं मुर्शिदाबादच्या नवाबांशी नात्याने जोडलेलं आहे, असं दीन मोहम्मद पुढे सांगत. मुलगा दहा-अकरा वर्षांचा असतानाच वालिद करवसुलीच्या एका मोहिमेत मारले गेले. त्यांच्या जागी मोठा भाऊ फौजेत गेला आणि धाकटा आईजवळ पाटण्यात राहिला.

राहिला, पण मन काही लागलं नाही. फौजेचे अधिकारी, त्यांचे घोडे, त्यांचा थाट याची त्याला भुरळ पडली होती. तिथेच त्याची गाठ कॅप्टन गॉडफ्रे बेकर या आयरिश अधिकाऱ्याशी पडली आणि मुलगा त्यांच्या छावणीबरोबर निघाला. आईने त्याला परत आणायचा प्रयत्न केला, पण तो परतला नाही. हे 1769 च्या सुमाराचं. लगेच पुढच्या वर्षी बंगालमध्ये तो भयंकर दुष्काळ पडला, ज्यात लाखो माणसं मेली.

पुढची बारा-तेरा वर्षं छावण्यांमध्येच गेली. पोरगा मोठा झाला, शिपाईगिरी शिकला, सुभेदारपदापर्यंत चढला. 1781 मध्ये बनारसचे राजे चेतसिंग यांनी कंपनीविरुद्ध उठाव केला, तो मोडायला गेलेल्या फौजेतही दीन मोहम्मद होते. म्हणजे आपल्याच मुलखातल्या लोकांविरुद्ध कंपनीच्या बाजूने ते लढले. ही गोष्ट झाकून ठेवायचं कारण नाही. त्या काळी हजारो हिंदू-मुस्लिम कुटुंबांची चूल कंपनीच्या पगारावर पेटत होती, आणि त्यातलंच हेही एक कुटुंब होतं.

कॉर्कमधली वर्षं

1782 मध्ये बेकर यांनी फौज सोडली. त्यांच्यासोबत दीन मोहम्मद यांनीही राजीनामा दिला आणि दोघं जहाजाने निघाले. 1784 मध्ये ते आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात पोहोचले. वय पंचवीस. भाषा परकी, हवा थंड, रंगरूप शहरात उठून दिसणारं. त्यांनी पहिलं काम काय केलं, तर इंग्रजी पक्की करण्यासाठी शाळेत नाव घातलं. पंचविसाव्या वर्षी शिकायला बसायची त्यांना लाज वाटली नाही. आम्हा शिक्षकांना त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट कुठली, तर हीच.

कॉर्कमध्येच त्यांची ओळख जेन डेली या तरुणीशी झाली. मुलीच्या घरच्यांचा विरोध होता, म्हणून दोघं पळून गेले आणि 1786 मध्ये त्यांनी लग्न केलं. इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, कारण व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मजकुरात ती गाळली जाते. हे लग्न अँग्लिकन चर्चच्या रीतीने झालं, मुलांचा बाप्तिस्मा झाला आणि दीन मोहम्मद पुढे त्याच चर्चचे सदस्य म्हणून राहिले. ते ज्या घरात वाढले ते घर मुस्लिम होतं, त्यांनी बरोबर नेलेला हुनर आपल्या मुलखाचा होता आणि नाव त्यांनी शेवटपर्यंत बदललं नाही. पण त्यांनी धर्म बदलला, हेही तितकंच खरं. कुणाच्या दिलात काय होतं ते अल्लाह जाणतो. आपण इतिहास सांगताना तो पुरा सांगावा.

1794 मध्ये त्यांनी कॉर्कमध्ये आपलं प्रवासवर्णन दोन भागांत छापलं. भारतीय माणसाने इंग्रजीत लिहून प्रकाशित केलेलं हे पहिलं पुस्तक मानलं जातं. एका मित्राला लिहिलेल्या पत्रांच्या स्वरूपात ते आहे. पुस्तक छापण्याआधीच तीनशेहून जास्त लोकांनी त्यासाठी पैसे भरले होते. त्यात फौजेच्या हकिकती आहेत, शहरांची वर्णनं आहेत आणि मुस्लिम घरांतल्या खतना, निकाह, मय्यतीच्या रीतींची माहितीही आहे. काही वर्णनं त्यांनी आधीच्या युरोपीय प्रवाशांच्या पुस्तकांतून उचलली आहेत, असं इतिहासकारांनी दाखवून दिलं आहे. तरीही एक हिंदुस्थानी माणूस आपल्या मुलखाबद्दल इंग्रजांच्याच भाषेत त्यांना समजावून सांगतो आहे, ही त्या काळात साधी बाब नव्हती.

1799 मध्ये लखनौचे मिर्झा अबू तालिब खान युरोपच्या सफरीवर असताना कॉर्कला थांबले, तेव्हा त्यांची आणि दीन मोहम्मद यांची भेट झाली. अबू तालिब यांनी आपल्या फारसी सफरनाम्यात या घराची, आयरिश बायकोची, मुलांची आणि पुस्तकाची नोंद केली आहे. परक्या मुलखात दोन हिंदुस्थानी माणसं एकमेकांना भेटली आणि त्यातल्या एकाने ते लिहून ठेवलं, म्हणून ही माहिती आपल्यापर्यंत आली.

लंडन : एक खानावळ आणि एक दिवाळं

1807 च्या सुमारास हे कुटुंब लंडनला आलं. तिथे बेसिल कॉक्रेन नावाचे एक श्रीमंत स्कॉटिश गृहस्थ होते. मद्रासमध्ये आरमाराला माल पुरवण्याच्या ठेक्यातून त्यांनी अफाट पैसा कमावला होता. पोर्टमन स्क्वेअरमधल्या आपल्या घरात त्यांनी वाफेचं स्नानगृह उभारलं होतं आणि आजारी माणसांना ते वाफ देत. दीन मोहम्मद त्यांच्याकडे कामाला लागले. वाफेच्या जोडीला हिंदुस्थानी पद्धतीची चंपी-मालिश देण्याची सुरुवात त्यांनी तिथे केली, असं मानलं जातं. पुढच्या आयुष्याचं बी इथेच पेरलं गेलं. पण ते उगवायला अजून वेळ होता.

1810 मध्ये त्यांनी जवळच जॉर्ज स्ट्रीटवर हिंदोस्तानी कॉफी हाऊस काढलं. लंडनमधलं, भारतीय माणसाने चालवलेलं हे पहिलं भारतीय जेवणाचं ठिकाण म्हणून ओळखलं जातं. वेताच्या खुर्च्या, भिंतींवर हिंदुस्थानी चित्रं, मसालेदार कालवणं, भात आणि जेवणानंतर हुक्का. हिंदुस्थानात नोकरी करून परतलेले साहेबलोक हे त्यांचं अपेक्षित गिऱ्हाईक. जेवणाची तारीफ झाली, पण भाडं आणि खर्च भागेना. अशा साहेबांच्या घरी हिंदुस्थानी स्वयंपाक शिकलेले खानसामे असत, ते कशाला रोज बाहेर जेवायला येतील? दोनच वर्षांत, 1812 मध्ये, दिवाळं निघालं.

पन्नाशी ओलांडलेली, घरात बायको-मुलं आणि खिशात काही नाही. एकेकाळी सुभेदार असलेल्या, पुस्तक लिहिलेल्या या माणसाने घरगडी म्हणून काम हवं अशी जाहिरात वर्तमानपत्रात दिली. माणूस संपला असं म्हणायची ही वेळ. पण दीन मोहम्मद यांची खरी कहाणी इथून सुरू होते.

फ्लॅनेलचा तंबू

1814 मध्ये कुटुंब ब्रायटनला आलं. लंडनच्या दक्षिणेला असलेलं हे समुद्रकाठचं गाव तेव्हा फॅशनमध्ये होतं. युवराज जॉर्ज यांनी तिथे घुमट-मिनारांचा महाल बांधायला घेतला होता, आणि समुद्राच्या पाण्याने स्नान केलं की प्रकृती सुधारते अशी समजूत पसरल्याने श्रीमंत आजारी लोकांची तिथे रीघ लागत असे. दीन मोहम्मद यांनी आधी दुसऱ्यांच्या स्नानगृहात काम केलं. सोबत दंतमंजन आणि केसांचा कलप विकला. हळूहळू नाव झालं आणि 1821 मध्ये किनाऱ्यालगत किंग्ज रोडवर त्यांचं स्वतःचं भव्य स्नानगृह उभं राहिलं. त्याला लोक महोमेड्स बाथ्स म्हणत. पुरुषांची सोय वेगळी, स्त्रियांची वेगळी. स्त्रियांच्या विभागाचं काम जेनबाई स्वतः बघत.

तिथे नेमकं काय व्हायचं? जडीबुटी घालून उकळलेल्या पाण्याची सुगंधी वाफ रोग्याच्या अंगाला दिली जाई. रोगी फ्लॅनेलच्या, म्हणजे मऊ लोकरी कापडाच्या तंबूत असे. या तंबूला बाहेरून आत जाणाऱ्या बाह्या शिवलेल्या असत. घाम सुटून अंग सैल झालं की मालिश करणारा बाहेर उभा राहून त्या बाह्यांतून हात आत घाली आणि सांधे, पाठ, पोटऱ्या चोळून, दाबून, चेपून काढी. तंबूतली वाफ बाहेर जात नसे आणि रोग्याचा पडदाही राहत असे. जडीबुटी हिंदुस्थानातून मागवलेली आहे, असं ते सांगत. तिचं प्रमाण त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

या चोळण्या-दाबण्यालाच इंग्रजीत शाम्पू करणं म्हणत. हिंदुस्थानीतल्या चांपो या शब्दावरून तो आला, म्हणजे दाबा, चेपा. आपली चंपी त्याच घरातली. तेव्हा या शब्दाचा केस धुण्याशी काहीच संबंध नव्हता, तो अर्थ नंतर चिकटला.

आपल्या वाचकांना यात काही ओळखीचं दिसेल. वाफ, घाम आणि मालिश हे युनानी तिब्बमधले जुने उपाय. हमाम म्हणजे गरम स्नान, दलक म्हणजे मालिश, तकमीद म्हणजे शेक आणि इनकिबाब म्हणजे वाफारा. औषध न देता राहणी आणि अंगावरच्या उपायांनी इलाज करण्याच्या शाखेत, इलाज बित तदबीरमध्ये, हे सगळे मोडतात. इब्न सीना यांनी अल-कानून या ग्रंथात हमाम कुणाला मानवतो आणि कुणाला नाही याची चर्चा केली आहे. खानदेशच्या सीमेपलीकडे बुऱ्हाणपूरच्या किल्ल्यातला मुघलांचा शाही हमाम आजही बघता येतो. दीन मोहम्मद कुठल्या हकिमाचे शागीर्द नव्हते. उलट धंदा वाढल्यावर त्यांनी आपलं वय दहा वर्षांनी वाढवून सांगितलं आणि फौजेत जाण्याआधी वैद्यकीचं शिक्षण घेतल्याचा दावा केला. तो दावा इतिहासकार मान्य करत नाहीत. पण चंपी आणि वाफ ज्या संस्कृतीत रोजच्या व्यवहारात होती, तिथले ते होते. तेवढ्या शिदोरीवर त्यांनी नवा धंदा उभा केला.

भिंतीवरच्या कुबड्या

रोगी येऊ लागले. संधिवात, कंबरेतून पायात जाणारी कळ, आखडलेले सांधे, लकवा, दमा. त्यांतल्या अनेकांना आराम पडला. डॉक्टर आपले रोगी त्यांच्याकडे पाठवू लागले. काही जण चालायला लागल्यावर आपल्या कुबड्या तिथेच ठेवून गेले, आणि दीन मोहम्मद यांनी त्या स्नानगृहात मांडून ठेवल्या. खूश झालेल्या गिऱ्हाइकांची पत्रं आणि कविता त्यांनी 1820 मध्ये छापल्या. 1822 मध्ये वाफेच्या स्नानाचे फायदे सांगणारं स्वतंत्र पुस्तक काढलं, त्याच्या पुढे आणखी आवृत्त्या निघाल्या. चौथे जॉर्ज आणि नंतर चौथे विल्यम या दोन्ही बादशहांनी त्यांना आपले शाम्पूइंग सर्जन नेमलं. ब्रायटनच्या महालातही वाफेच्या स्नानाची सोय झाली. शर्यतींच्या दिवशी दीन मोहम्मद दरबारी पोशाख घालून निघत, तेव्हा लोक वळून बघत. ब्रायटनच्या संग्रहालयात त्यांचं चित्र आहे.

आता जरा थांबून विचार करू. त्या कुबड्या खऱ्या होत्या. कुणी खोटं बोललं असं आम्ही म्हणत नाही. उष्णतेने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्ताचा ओघ वाढतो, ताठरलेले स्नायू सैल पडतात, सांध्यांची जखडण कमी होते. त्यावर जाणत्या हाताची मालिश, समुद्राची हवा, रोजची विश्रांती आणि आपली कुणीतरी काळजी घेतं आहे ही भावना. महिनोन्‌महिने दुखण्यात काढलेल्या माणसाला इतकं पुष्कळ असतं. शिवाय संधिवातासारखी दुखणी चढतात, उतरतात, काही वेळा आपली आपणच शांत होतात. त्या उतारात माणूस चालायला लागला तर श्रेय वाफेला मिळतं.

आणि ज्यांना काहीच फरक पडला नाही ते? ते आपल्या कुबड्या काखेत धरून तसेच घरी गेले. त्यांच्या कुबड्या भिंतीवर लागल्या नाहीत आणि त्यांची पत्रंही छापली गेली नाहीत. आज मोबाइलवर जाहिरातीखाली आम्हाला बरं वाटलं असं सांगणारे पाच-पन्नास लोक दिसतात, तेव्हा ही भिंत आठवावी. त्यावर दिसतात ते आराम पडलेले. बाकीचे किती, ते भिंत सांगत नाही.

उतरता काळ

1837 मध्ये व्हिक्टोरिया गादीवर आल्या. त्यांना ब्रायटन मानवलं नाही. राजघराणं तिथून दूर गेलं आणि 1850 मध्ये तो महालही नगराला विकून टाकला. 1841 मध्ये लंडनहून आगगाडी आली आणि गावाची तऱ्हाच पालटली. फॅशनही बदलली होती, थंड पाण्याच्या उपचारांचा बोलबाला होऊ लागला होता, आणि वाफेची नक्कल करणारेही बरेच निघाले होते. त्याच काळात भागीदाराच्या मृत्यूनंतर स्नानगृह दीन मोहम्मद यांच्या हातून गेलं. इतक्या वर्षांची मेहनत आणि वास्तू दुसऱ्याची. म्हातारपणी ते छोट्या जागेत काम करत राहिले. लंडनमध्ये मुलांनी वाफेच्या स्नानाचा धंदा चालवला.

1850 च्या डिसेंबरमध्ये जेनबाई गेल्या. दोनच महिन्यांनी, 24 फेब्रुवारी 1851 रोजी दीन मोहम्मद यांचं ब्रायटनमध्ये निधन झालं. सेंट निकोलस चर्चच्या आवारात त्यांची कबर आहे. मग लोक त्यांना विसरले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इतिहासकारांनी, विशेषतः मायकेल फिशर यांनी, त्यांचं आयुष्य पुन्हा उजेडात आणलं. 2005 मध्ये लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर त्यांच्या खानावळीची आठवण म्हणून पाटी लागली. 15 जानेवारी 2019 ला गूगलने आपल्या पानावर त्यांचं चित्र ठेवलं.

नातवाने काय केलं

कहाणी इथे संपवली तर अर्धीच राहील. दीन मोहम्मद यांचे चिरंजीव फ्रेडरिक ब्रायटनमध्ये तलवारबाजी आणि कसरतीची तालीम देत. 1849 मध्ये त्यांना मुलगा झाला, त्याचं नाव फ्रेडरिक अकबर मोहम्मद. आजोबा वारले तेव्हा हा दोन वर्षांचा होता.

अकबर रीतसर डॉक्टर झाले आणि लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये काम करू लागले. नाडीच्या ठोक्याचा आलेख काढणाऱ्या यंत्रात त्यांनी विद्यार्थी असतानाच सुधारणा केली. त्या काळी रक्तदाब वाढण्याचा संबंध मूत्रपिंडाच्या आजाराशीच लावला जाई. मूत्रपिंड धडधाकट असतानाही रक्तदाब वाढलेला असू शकतो, आणि बाहेरून निरोगी दिसणाऱ्या माणसातही तो लपलेला असतो, हे त्यांनी दाखवलं. आज आपण ज्या बीपीची गोळी रोज घेतो, त्या आजाराच्या समजुतीत या पाटणेवाल्याच्या नातवाचा मोठा वाटा आहे.

दुसरं काम त्याहून आमच्या विषयाला जवळचं. ब्रिटनभरच्या डॉक्टरांना छापील कार्डं पाठवायची, आपल्या रोग्यांची माहिती त्यावर एकसारख्या पद्धतीने भरून घ्यायची आणि ती एकत्र करून आजाराचा अभ्यास करायचा, ही मोहीम उभारण्यात अकबर पुढे होते. संधिवाताचा ताप हाही त्या अभ्यासातला एक आजार होता. आजोबांनी बरं वाटलेल्यांची पत्रं जमवली. नातवाने बरे झालेले, न झालेले, सगळ्यांच्या नोंदी जमवायला घेतल्या. एकाच घरात दोन पिढ्यांत वैद्यक किती पुढे गेलं ते यात दिसतं. 1884 मध्ये टायफॉइडने अकबर गेले. वय अवघं पस्तीस.

मग घरच्या वाफेचं काय?

उष्णतेच्या उपचारांचा आज नीट अभ्यास होतो. फिनलंडमध्ये कोरड्या गरम हवेच्या खोलीत, सौनामध्ये, बसण्याची जुनी रीत आहे. तिथल्या 2315 मध्यमवयीन पुरुषांवर सुमारे वीस वर्षं लक्ष ठेवून केलेला अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून जास्त वेळा सौना घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी दिसले. पण जो मुळात धडधाकट आहे तोच वारंवार सौनात बसू शकतो, हेही ध्यानात ठेवावं लागतं. जपानमध्ये हृदय कमजोर असलेल्या रोग्यांना 60 अंशांच्या खोलीत 15 मिनिटं बसवून मग अर्धा तास ब्लँकेटमध्ये गुंडाळून ठेवण्याची पद्धत डॉक्टरांनी तयार केली. ती दवाखान्यात, देखरेखीखाली आणि चालू औषधांसोबत देतात.

संधिवात, आखडलेली पाठ, थकलेले स्नायू यांना वाफेने तात्पुरता आराम मिळतो, आणि तेवढा आराम घ्यायला काही हरकत नाही. दुखणाऱ्या माणसाला रात्री चार तास नीट झोप लागली तर ती काही छोटी गोष्ट नव्हे. पण वाफेने शरीरातली साखर बरी होत नाही, मूत्रपिंड दुरुस्त होत नाही, झिजलेला गुडघा भरून येत नाही. वाफ सुरू केली म्हणून गोळ्या बंद, हे कधीच करू नये.

घरी वापरायचं तर काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्यांनी, छातीत कळ येत असलेल्यांनी, ताप असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसू नये. बीपीच्या किंवा लघवीच्या गोळ्या चालू असतील तर उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून घरात दुसरं माणूस हवं आणि उठायचं ते सावकाश. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेली असेल तर चटका बसलेला कळत नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी हेही जाणावं की उष्णतेने इन्सुलिन अंगात लवकर भिनतं आणि साखर एकदम उतरू शकते. मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या मज्जातंतूंच्या आजारात उष्णतेने त्रास वाढतो.

आपल्याकडचा आणखी एक मुद्दा. फिनलंडची हवा थंड आणि कोरडी. मुंबई, ठाणे, रत्नागिरीत हवेतच इतका दमटपणा की घाम वाळत नाही आणि अंग लवकर तापतं. इथे दहा मिनिटंही पुष्कळ झाली. आधी आणि नंतर पाणी प्यावं. रमजानमध्ये रोजा असताना वाफ घेऊ नये, इफ्तारनंतर पोटात पाणी गेल्यावर बघावं. कुकरच्या शिट्टीला नळी लावून वाफ घेण्याचे घरगुती प्रयोग करू नयेत, नळी निसटली तर चेहरा भाजतो. आणि गॅसचा गीझर लावून, दार-खिडकी बंद करून न्हाणीघरात वाफ कोंडणं तर मुळीच नको. त्यात विषारी कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतो.

दीन मोहम्मद यांच्या तंबूत रोगी एकटा नसायचा. बाह्यांतून आत आलेले दोन हात त्याला चेपत असायचे, त्याचं अंग किती तापलंय, कुठे दुखतंय हे त्या हातांना कळत असायचं. आज विकत आणलेल्या तंबूत तेवढं नसतं. ते घरच्यांनाच करावं लागतं. अम्मीला वाफेला बसवलं तर शेजारी बसा, पाण्याचा ग्लास हातात ठेवा, नंतर पाय चेपून द्या, आणि महिन्याच्या तपासणीची तारीख चुकवू नका. शिफा देणारा अल्लाह आहे. सोबत बसणं आणि तारीख लक्षात ठेवणं आपल्याकडे आहे.